दुकानात चालणारा, घरी मरणारा टीव्ही

आपाकुकीमामाच्या हातात गेलेली वस्तू बंद राहत नाही, फिजीतल्या आमच्या तावेउनी बेटावर कुणालाही विचारा. चर्चचा माइक, होडीवाल्यांचे रेडिओ, सगळं त्याच्याकडेच येतं. म्हणून त्या आठवड्यात लोक त्याला हसायला लागले तेव्हा माझं डोकंच फिरलं.

भानगड होती बुबू केलेराच्या टीव्हीची. बुबू म्हणजे आजी, माझ्या मामीची आई. तिचा नातू इनोके पहिल्यांदाच मोठ्या संघातून रग्बी खेळणार होता. परदेशात, शनिवारी दुपारी. बुबूची नजर अधू. मोबाइलवर तिला खेळाडू नाही, मुंग्या दिसतात. आणि नेमका तिचा टीव्ही मेला.

शाळा सोडल्यापासून मी माल वाहायची गाडी चालवते. मीच टीव्ही मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात आणला. मामाने मागचं झाकण काढलं आणि माझा हात झटकला.

"लांब हो! वायर काढली तरी हा मोठा कॅपॅसिटर पोटात वीज धरून बसतो. तुला झटका बसला तर तुझी आई मला झटका देईल."

त्याने आधी ती वीज उतरवली. फ्यूज शाबूत होता. पॉवर सप्लायच्या बोर्डवर दोन छोटे कॅपॅसिटर मात्र डोक्यावर फुगले होते, पावासारखे. ते बदलले, लाल दिवा लागला, चित्र आलं. दुपारभर टीव्ही चालला. मी नेऊन बुबूच्या दारात ठेवला.

संध्याकाळी साकिउसा दुकानात हजर. हा बुबूचा मुलगा, इनोकेचा बाप आणि मामाचा मेहुणा. मेहुण्याची खेचायचा त्याला हक्कच आहे आणि तो हक्क कधी वाया घालवत नाही.

"काय रे मेहुण्या, टीव्ही दुरुस्त केलास का नुसती आंघोळ घातलीस? अर्ध्या तासात गार पडला!"

पुन्हा आणला. दुकानात ठणठणीत. मामाला वाटलं, घरातली वीजच कमी-जास्त होत असेल. त्याने मला मीटर देऊन पाठवलं. वीज बरोबर होती. टीव्ही परत घरी गेला आणि परत मेला.

"याला तुझ्याकडचं जेवण आवडतंय रे," साकिउसा सगळ्यांसमोर म्हणाला. "आमच्याकडे सासुरवास, तुझ्याकडे माहेरपण! नाहीतर तू मासे पकड, हे दुरुस्तीबिरुस्ती सोड."

लोक खिदळले. मी म्हटलं, "साकिउसा, पुढच्या वेळी तुझे दालोचे कंद डोक्यावर वाहून ने. माझी गाडी मिळणार नाही."

"गप गं," मामा म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते. आणि शनिवार तोंडावर आला होता.

तुम्ही म्हणाल, मामाने बुबूच्या घरी जाऊन का नाही बघितलं? कसं बघणार? आमच्यात जावई सासूशी बोलत नाही. भांडण नसतं, मान असतो. ती समोरून आली की हा वाट बदलतो. निरोप मामी नेते, आणि मामी नेमकी राजधानीत, सुवाला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. साकिउसाला विचारलं तर तो म्हणायचा, "टीव्ही लावतो, बघतो, अजून काय करणार, मिठी मारू?"

शेवटी मामा मला म्हणाला, "तू जा. लावल्यापासून बंद पडेपर्यंत नुसती बघत बस. काही बोलायचं नाही. जमेल?"

मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. पण मामासाठी बसले.

बुबूने टीव्ही लावला. मग पेटीतून एक मोठं विणलेलं पांघरूण काढलं, कडेला रंगीत लोकरीची झालर. त्याखाली मासी, म्हणजे आमचं झाडाच्या सालीचं जाड नक्षीकापड. वर फुलांच्या माळा, त्यावर इनोकेचा फोटो. पडद्यापुरतं तिने वर उचललं, बाकी डोक्यावरून पाठीपर्यंत गच्च. इनोकेची निवड झाल्यापासून ती टीव्हीला असंच नटवत होती. साकिउसा रोज बघत होता, पण आपल्याच घरातलं कुणाला दिसतं?

थोड्या वेळाने टीव्ही मेला. मी गाडी पळवत आले.

"मामा, त्याला गोधडी घातलीय!"

मामा आधी हसला, मग त्याने टीव्ही मागवला, चालू केला आणि दुकानातली घोंगडी त्याच्यावर टाकली. आम्ही दोघं डोळे लावून बसलो.

"मेला! मेला!" मामा नाचायलाच लागला. रस्त्यावरचे लोक थबकले, कोण मेलं म्हणून.

झाकण काढून, वीज उतरवून त्याने भिंगातून बोर्ड बघितला. एका सुट्या भागाच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी चीर होती. "थंड असताना पाय टेकलेला असतो," तो म्हणाला, "तापला की सुटतो." जुनं सोल्डर काढून त्याने नवं भरलं. आता घोंगडीतही टीव्ही चालू राहिला.

"झालं तर मग," मी म्हटलं.

"कसलं झालं? एवढ्या कपड्यांत उद्या दुसरं काहीतरी जळेल. मॅचच्या मध्येच."

"मी सांगते बुबूला, काढ ते."

"तू सांगशील तर ती रडेल. तिने मान दिलाय त्याला."

शनिवारी मामा स्वतः बुबूच्या घरी आला. वाकून आत शिरला, बुबूकडे पाठ करून टीव्हीसमोर चटईवर बसला. साकिउसाच्या हातातला यांगोना या मुळांच्या पेयाचा वाडगा तसाच राहिला.

मामा टीव्हीला म्हणाला, "काय रे बाबा, तुला एवढे मानाचे कपडे मिळाले. पण आज तुझ्या पोटात इनोके धावणार. धावताना कोण पांघरूण घेतं? गुदमरशील."

मग मागून बुबूचा आवाज आला. तीसुद्धा टीव्हीलाच म्हणाली, "मग इतके दिवस बोलला का नाहीस, गाढवा? मी म्हातारी, मला काय कळतं तुझ्या पोटातलं?"

ती उठली. तिने माळा, पांघरूण, मासी सगळं उतरवून मांडीवर घेतलं. फोटो मात्र भिंतीला टेकवला.

टीव्ही पूर्ण मॅच चालला. इनोके बॉल घेऊन सुटला तेव्हा बुबू पांघरूण हवेत फिरवत इतकी ओरडली की शेजारची कुत्री पळाली. साकिउसा रडत होता आणि म्हणत होता, डोळ्यात मिरची गेली.

शेवटी बुबूने एक माळ माझ्या हातात दिली. मी ती मामाच्या गळ्यात घातली. मग बुबू टीव्हीकडे बघून म्हणाली, "अरे, तुला बरं करणाऱ्याला विचार, चहा घेणार का."

मामा टीव्हीला म्हणाला, "साखर जास्त, म्हणावं."