पाशाभाईच्या जीपमधली जागा

चाँद पाशाच्या जीपमध्ये किती माणसं बसतात, असं कुणी विचारत नसे. अजून किती बसतील, एवढंच विचारायचं. त्याचंही उत्तर ठरलेलं असे, "या की, जागाच जागा हाय!" हे तो अर्धं अंग गाडीबाहेर काढून, एका मांडीवर टेकून, एका हातानं स्टेअरिंग धरून सांगे. स्वतःच्या गाडीत सगळ्यांत कमी जागा त्यालाच मिळे, आणि त्याचा त्याला कोण अभिमान होता.

सेनगावजवळच्या आपल्या गावातून हिंगोलीला सवाऱ्या न्यायच्या आणि परत आणायच्या, हा त्याचा धंदा. जीप त्यानं चौऱ्याण्णव साली घेतली, तीही जुनी. पण पावसाळ्यात एसटी नाल्याच्या अलीकडूनच तोंड फिरवायची, तेव्हा पाशाभाईची जीप पाण्यात उतरायची आणि पलीकडे निघायची. गाव तिला त्या काळापासून मानत असे.

खरी करामत मात्र बसवण्यातली होती. "एक म्होरं, एक मागं!" असं तो ओरडायचा. बाकावर एकानं पुढे सरकायचं, शेजारच्यानं मागे टेकायचं, की चौघांच्या जागेत सहा जण मावलेच. शिवाय गावातली सगळी भांडणं त्याला तोंडपाठ. शेताच्या धुऱ्यावरून न बोलणारे दोघे भाऊ आले, की मध्ये बहिऱ्या संतरामला बसवायचा. सासऱ्यासमोर सून नको म्हणून तिचं तोंड मागच्या रस्त्याकडे करायचा. जैनबबी, त्याची बायको, म्हणायची, "सारे गाव कू जगा है तुम्हारी गाडी में, मेरेकूच नहीं." यावर तो गाडी पुसायला निघून जायचा.

या जीपमध्ये गावातल्या ग्यानोबाची मुलगी आकांक्षा लहानाची मोठी झाली. सेनगावच्या शाळेत ती याच गाडीनं जायची आणि गिअरजवळच्या हत्यारांच्या पेटीवर बसायची. ती जागा तिचीच. तिथून ती स्टँडवर पाशाभाईच्या वरताण आवाज काढायची, "हिंगोली, हिंगोली, हिंगोली!" पाशाभाईला घरात तिन्ही पोरगेच. पोरीची हौस या पोरीवर भागायची. एकदा भरात येऊन तो बोलून गेला, "बेटा, तुझं वऱ्हाड माझ्याच गाडीतून जाईल बघ." ती म्हणाली, "मामू, इसरायचं न्हाई." मग त्यानं जीपच्या बॉनेटवर हात ठेवून शब्द दिला. याहून मोठी शपथ त्याच्याजवळ नव्हती.

आकांक्षाचं लग्न ठरलं ते दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, कळमनुरीच्या रवींद्रशी. कार्य हिंगोलीत. आणि नेमकं त्याच महिन्यात तांड्यावरच्या प्रेमसिंगनं नवीकोरी लांबलचक गाडी आणली. सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा त्यानं काढलं नव्हतं. प्रेमसिंग तिच्याभोवती फिरायचा आणि चहाच्या टपरीवर मोठ्यानं सांगायचा, "वजन घ्यायला एक नंबर! पाशाभाईच्या दोन जीपा हिच्यात बसतील."

पाशाभाईनं चहा अर्धा टाकला आणि उठून गेला.

ग्यानोबा माणूस सज्जन, पण त्याच्या डोक्यात एकदा काही बसलं की निघत नसे. वऱ्हाड एकाच गाडीत जाणार, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. "दोन गाड्या केल्या की पहिल्या गाडीत कोण अन् दुसऱ्या गाडीत कोण, याच्यावरच रुसवे व्हतेत. थोरल्या पोरीच्या लग्नात तिची आत्या त्याच्यापायी जेवली न्हाई. आजूक माझ्याशी बोलत न्हाई!" तेव्हा गाडी एकच, आणि जिच्यात जास्त मावेल ती. याचा निकाल लावायला त्यानं घरातली हळदीची पोती अंगणात काढली.

सगळं गाव जमलं. आधी पाशाभाईची जीप भरली. पोती खाली, पोती वर, पोती बॉनेटवर. मागचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले, जीपनं नाक आभाळाकडे केलं, तेव्हा पाशाभाईनंच "बस" म्हटलं. मग तीच पोती प्रेमसिंगच्या गाडीत गेली, आणि मागे एवढी मोकळी जागा राहिली की प्रेमसिंग स्वतः आत जाऊन पाय पसरून बसला. लोक हसले. पाशाभाईचा चेहरा बघवत नव्हता.

"ग्यानोबाभाऊ," तो म्हणाला, "पोत्याला काय मानपान असतो व्हय? पोतं कुटं बी पडतं. माणसाला बसवा लागतं."

"पाशाभाई, तुमचं म्हणणं बराबर हाय, पण निकाल म्हंजे निकाल."

आकांक्षा दारात उभी होती. पाशाभाईला तिच्याकडे बघण्याचा धीर झाला नाही. त्या दिवशी तो खरोखर दुखावला.

लग्नाच्या सकाळी प्रेमसिंगची गाडी फुगे लावून दारात आली. जरा अंतरावर पाशाभाई आपली जीप धूत होता. एरवी तो ती विहिरीवर धुवायचा, त्या दिवशी पाणी वाहून गल्लीत आणलं होतं.

वऱ्हाड बसायला लागलं आणि गोंधळ सुरू झाला. ग्यानोबाच्या तिन्ही जावयांना पुढेच बसायचं होतं, आणि प्रेमसिंग पुढे दोघांहून जास्त बसू देईना, गिअर अडतो म्हणून. मधल्या सीटवर न बोलणारे भाऊ शेजारी शेजारी आले, दोघेही उतरले. भावकीतल्या दोन सुना सासरा समोर म्हणून उतरल्या. सुना उतरल्या म्हणून सासूही उतरली. आत्याबाईंनी आत डोकावून "मागं बसून मला उलट्या व्हतेत" एवढं सांगितलं आणि दगडावर बसून घेतलं. प्रेमसिंग ओरडत होता, "अहो, प्लास्टिक फाटंल, जपून!" शेवटी त्या भल्या मोठ्या गाडीत उरले बहिरा संतराम आणि भांड्यांची टोपली.

ग्यानोबानं घाम पुसला आणि गल्लीच्या टोकाकडे बघितलं. "पाशाभाई... या बरं जरा."

पाशाभाई जणू काही कळलंच नाही असा हात पुसत आला. आणि मग त्याच्या अंगात वारं शिरलं. "संतरामभाऊ, तुमी हिकडं या, तुमच्याबिगर काय व्हत न्हाई. जावईबापू, तिघं बी म्होरं, एक म्होरं, एक मागं! आत्याबाई, तुमी खिडकीपाशी, थोरल्या मानानं. सुनबाई, रस्त्याकडं तोंड करा. टोपली वर, पोरं टोपलीपाशी." केशरबाई, नवरीची आई, तांब्याचा हंडा मांडीवर घेऊन अशी बसवली गेली की हंड्यापलीकडे तिला काहीच दिसेना. कुणाला मान वळवता येत नव्हती. एवढी माणसं त्या जीपमध्ये आजवर कधीच बसली नव्हती. अख्खं वऱ्हाड मावलं! पाशाभाई बाहेर लोंबकळत प्रेमसिंगला म्हणाला, "बघा, जागाच जागा हाय!" आणि जीप निघाली.

सगळ्या वाटेनं तो गात होता. चढणीला जीप धापा टाकत होती, तरी तो गात होता.

हिंगोलीत कार्यालयासमोर लोक उतरू लागले, ते उतरतच राहिले. वरपक्ष तोंडात बोट घालून बघत होता. ओवाळायला आलेल्या बाईनं ताट सरसावून विचारलं, "नवरी कुठाय?"

मागचे म्हणाले, मध्ये असेल. मधले म्हणाले, पुढे असेल. जावई म्हणाले, आमच्यात कशी असेल? केशरबाईनं हंडा खाली ठेवला आणि किंचाळली. निघायच्या आधी आकांक्षा मैत्रिणीबरोबर गावातल्या बुद्धविहारात वंदनेला गेली होती, ती परत आलेली कुणी बघितलीच नव्हती.

पाशाभाई तिथंच चाकाला टेकून खाली बसला.

तेवढ्यात हॉर्न वाजला. फुगे लावलेली लांबलचक गाडी आली. पुढे प्रेमसिंग, मागे सगळ्या प्लास्टिकच्या सीटांवर आकांक्षा ऐसपैस, आणि शेजारी मैत्रीण वारा घालायला. साडीची एक घडी मोडलेली नव्हती. ती उतरली आणि सरळ पाशाभाईसमोर येऊन उभी राहिली.

"मामू, साऱ्या गावाला जागा भेटली. मलाच काहून न्हाई?"

प्रेमसिंगला बरंच बोलायचं होतं, पण पाशाभाईचा चेहरा बघून तो गाडीचे फुगे सोडायला लागला.

लग्न लागलं, जेवणं झाली. पाशाभाई जेवला नाही. निरोपाची वेळ आली, तेव्हा आकांक्षानं मोठ्यानं सांगितलं, "मी मामूच्या जीपमधून जाईन. रिकाम्या जीपमधून. दुसरं कोणीच बसायचं न्हाई."

रवींद्र बाजूला बसला, आकांक्षा सवयीनं पेटीवर बसली, आणि जीप कळमनुरीच्या रस्त्याला लागली. पण त्या जीपला ओझ्याशिवाय चालायची सवयच नव्हती. प्रत्येक खड्ड्याला ती हातभर उडायची. एकदा नवरदेवाचं डोकं वर आपटलं, एकदा मुंडावळ्या नाकावर आल्या. पाशाभाई शरमेनं गाडी हळू हळू करत होता.

फाट्यावर बाजाराहून परतणारे लोक उभे होते. आकांक्षानं कपाळावरच्या मुंडावळ्या वर केल्या, बाहेर वाकली आणि जुना आवाज काढला, "कळमनुरी, कळमनुरी, कळमनुरी! या, जागाच जागा हाय!"

लोक आधी दचकले, मग चढले. बाया चढल्या, कोंबड्या चढल्या. आकांक्षा सांगत होती, "एक म्होरं, एक मागं!" पाटे दबले, जीप सरळ चालू लागली, आणि पाशाभाई नेहमीसारखा अर्धा बाहेर आला. तो रडत होता आणि हसतही होता. सासरच्या दारात लोक माप घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर आधी अनोळखी बाजारकरी उतरत राहिले. सगळ्यांत शेवटी नवरी उतरली. तिनं पाशाभाईचा हात धरला, "येते मामू," म्हणाली आणि आत गेली.

परतताना कळमनुरीच्या स्टँडवर बऱ्याच सवाऱ्या हात करत होत्या. "ओ जीपवाले, हिंगोली? बसू का?"

जीप पूर्ण रिकामी होती. पाशाभाईनं पेटीकडे एकदा बघितलं आणि गाडी न थांबवता सांगितलं, "जागा न्हाई."