गळकं पेन आणि खडूची भुकटी

नोकरी लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून पास होऊन आले आणि सोलापुरात मुलींच्या शाळेत पाचवीचा वर्ग मिळाला. पहिला पगार झाला त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता नवी पेठेत गेले आणि एका स्टेशनरीच्या दुकानातून बारा आण्यांचं फाउंटन पेन घेतलं. तांबड्या अंगावर काळ्या लाटा होत्या त्याच्या. आतली नळी पोकळ. मान फिरवून काढायची, ड्रॉपरनं शाई भरायची, मान परत बसवायची, की दिवसभर दौतीकडे बघायला नको. शाळेत तोवर सगळ्याजणी दौतीत बुडवायच्या टाकानं लिहीत.

चारच दिवसांत माझ्या बोटांचा रंग बदलला. मानेपाशी शाई पाझरायची आणि तिथंच तर बोटं धरायची. पदरावर डाग पडले, ते मी निऱ्यांत लपवले. पाचव्या दिवशी मात्र लपवता येईना. तिसऱ्या तासाला वर्गाचं हजेरीबुक लिहीत होते. निबावरून टपोरा थेंब पडला आणि त्या महिन्याच्या पानावरची सहा-सात नावं एकदम बुडाली.

हेडमास्तरीणबाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी हजेरीबुक उजेडात धरलं, मग माझे हात बघितले.

"उद्यापासून शाळेत टाक आणि दौत. हे खेळणं घरी ठेवायचं."

"मी दुरुस्त केलं तर?" मी विचारलं.

"येतं तुम्हाला?"

"येत नाही. पण मोडलेलं काय आहे ते कळलं, तर येईल."

मोठ्या बाईंनी हजेरीबुक मिटलं. "आठ दिवस," म्हणाल्या. "आठ दिवसांनी माझ्यासमोर पानभर लिहून दाखवा. एक थेंब पडला तरी पेन बंद."

संध्याकाळी मी दुकान गाठलं. दुकानदारानं पेन हातातसुद्धा घेतलं नाही. "बाई, बारा आण्यांत लिहितंय हेच लई झालं की. खिशात उभं ठेवत जावा."

"बायकांना खिसा कुठं असतो?"

"मग कशाला घेतलं?" असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या माणसाचे माझ्यावर उपकारच आहेत. त्यानं पेन बदलून दिलं असतं, तर मी काहीच शिकले नसते.

घरी आई आणि मी दोघीच. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून मी पेन खोललं तशी आई म्हणाली, "पहिल्या पगाराची वस्तू आहे, मोडशील." पण मोडण्यासारखं त्यात फारसं नव्हतंच. नळी, मान, मानेत खुपसलेला निब आणि निबाच्या खाली काळी, चिरा पाडलेली जीभ. एवढंच. माणसानं केलेली वस्तू आणि तीही चार तुकड्यांची, ती माणसाला कळायलाच हवी, असं माझं मत तेव्हाही होतं.

आधी गळतं कुठून ते शोधायचं होतं. वर्गातून खडूचे तुकडे आणले होते. ते कुटून भुकटी केली, पेन धुऊन पुसून कोरडं केलं, शाई भरली आणि अंगभर भुकटी फासली. पेन पांढरंफटक झालं. घटकाभरानं मानेच्या सांध्याभोवती निळी रेघ उमटली, बांगडीसारखी गोल. बाकी कुठं काही नाही. मला इतका आनंद झाला, की आईला हाक मारून ती रेघ दाखवली.

मग मी एक गाढवपणा केला. टपालाला लावतात ती लाख वितळवून सांध्यावर फिरवली. पाझर जागच्या जागी थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी शाई संपली, तेव्हा ध्यानात आलं की आता मान उघडतच नाही! शाई भरणार कुठून? गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून लाख मऊ केली आणि नखानं खरवडून काढली. त्यात पूर्ण संध्याकाळ गेली.

आमच्या शेजारी मागावर काम करणारं एक तेलुगू कुटुंब राहायचं. घरातल्या बाईंना मी अक्का म्हणत असे. मी अंगणात लाख खरवडत बसलेली बघून त्या आल्या.

"काय बाई, हात असं निळं निळं?"

मी सांधा दाखवला. मान फिरवून बसवायचे आटे झिजून ढिले झालेत, तिथून शाई येते, हे सांगितलं. अक्कांनी मान बसवून बघितली, काढली, पुन्हा बसवली. मग घरात गेल्या आणि रेशमाचा एक बारीक दोरा आणि मधाच्या पोळ्याचं मेण घेऊन आल्या. मेणावरून दोरा दोनदा ओढला, तसा तो तेलकट आणि कडक झाला. मी तो घेऊन आट्यांवर गुंडाळायला लागले, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"असं नाय. उलटं लावलास. फिरवताना दोरा सुटतंय की. आवळलं पायजे."

खरंच. मान ज्या बाजूनं फिरवून बसवायची, त्याच बाजूनं दोरा जायला हवा होता. अक्कांना लिहिता येत नव्हतं, आणि पेन तर त्यांनी हातात पहिल्यांदाच धरलं होतं. पण दोरा कुठल्या बाजूनं सुटतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. तीन वेढे घेतले, मान बसवली, खडूची भुकटी फासली. सांधा कोरडा राहिला. मान काढता येत होती, घालता येत होती.

मला वाटलं, जिंकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी वह्या तपासताना निबावरून तसाच टपोरा थेंब पडला.

आता मात्र मी चिडले नाही. सांधा बंद झाला होता, तेव्हा हा आजार दुसराच. शनिवारी सकाळची शाळा होती. त्या दुपारी मी पेन घेऊन बसले आणि फक्त बघत राहिले. काठोकाठ भरलेलं पेन मुठीत घट्ट धरून निब खाली केला. काही नाही. अर्धी शाई काढून तसंच केलं. निब ओला झाला, पण थेंब लोंबला नाही. तळाशी थोडीशी शाई ठेवून मुठीत धरलं, आणि पंधरा आकडे मोजायच्या आत थेंब टपकला.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला एक प्रयोग दाखवला होता. रिकाम्या कुपीचं तोंड पाण्यात बुडवून कुपीला दोन्ही हातांनी धरलं, की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि पाण्यात बुडबुडे येतात. मी तो वहीत सुबक आकृतीसह उतरवला होता, आणि परीक्षा झाल्यावर विसरले होते. पेनात शाई कमी म्हणजे हवा जास्त. सोलापूरचं ऊन आणि त्यात माझा गरम हात. हवा फुगणार आणि शाईला बाहेर ढकलणार. म्हणजे पेन मुळी अर्ध्याखाली जाऊच द्यायचं नाही. सकाळी काठोकाठ भरायचं, मधल्या सुट्टीत पुन्हा भरायचं. या दुरुस्तीला ना दोरा लागला ना मेण.

आठव्या दिवशी, भर दुपारी, मोठ्या बाईंच्या टेबलापाशी उभी राहून मी पानभर लिहिलं आणि मधल्या सुट्टीत पेन का भरून घेते तेही सांगितलं. त्यांनी पान उलटं करून बघितलं, माझी बोटं बघितली. मग टेबलाचा खण ओढला आणि रुमालात गुंडाळलेलं एक काळंभोर पेन माझ्यापुढे ठेवलं. चांगलं, भारी पेन होतं.

"हेही गळतं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं खणात आहे. म्हणून म्हटलं होतं पेन नको."

"द्या. उद्या करून आणते," मी म्हणाले. विचारसुद्धा केला नाही.

त्यांच्या पेनाचा सांधा पक्का होता. निब आणि खालची जीभ यांच्यात मात्र फट पडली होती, तिथून शाई बदाबदा यायची. जीभ कडक रबराची. गरम केली तर वाकेल आणि निबाला टेकवता येईल, इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं. माझ्या पेनाला गरम फडक्यानं काही झालं नव्हतं, म्हणून मी याची नळी, मान, टोपण, सगळंच उकळत्या पाण्यात टाकलं. धुऊनही निघेल, म्हटलं. जीभ वाकली, निबाला सुरेख टेकली. पण बाहेर काढलं तर काळंभोर पेन शेवाळलेल्या तपकिरी रंगाचं झालं होतं. खोबरेल लावलं, घासलं, काळं होईना.

रात्री झोप लागली नाही असं म्हणणार नाही, लागली. पण सकाळी पहिली घंटा व्हायच्या आत मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. "गळती थांबवली. रंग घालवला. उकळत्या पाण्यात टाकायला नको होतं. चूक माझी आहे."

त्यांनी पेन हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं आणि खणात ठेवून दिलं. तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मला वाईट वाटलं, पण लपावंसं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी त्या आपण होऊन माझ्या वर्गात आल्या. हातात ते तपकिरी पेन.

"जीभ जरा जास्तच चिकटवलीत. शाई अडखळते."

मी पेन घेतलं. या खेपेला पाणी नाही, आग नाही. नखाच्या टोकानं निब केसभर उचलला, टिपकागदावर चार रेघा ओढल्या, आणखी थोडा उचलला. पाचवी रेघ सलग आली. पाचवीच्या मुली बाकांवरून माना उंचावून बघत होत्या. मोठ्या बाईंनी तिथंच माझ्या टेबलावरचं हजेरीबुक ओढून घेतलं, तपासल्याची सही केली, आणि त्यावर टिपकागद दाबून म्हणाल्या, "आता ठीक आहे. मधल्या सुट्टीत भरायचं ना हे?"

"हो," मी म्हणाले. "काठोकाठ."