कुळथाचं पाणी
आईच्या मूत्रपिंडात छोटी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "काढता येईल, पण ऐंशीव्या वर्षी घाई नको. दर सहा महिन्यांनी स्कॅन करून लक्ष ठेवू." आईला मात्र मी ठोकून दिलं की मुतखडा आहे. खरं सांगायची हिंमत नव्हती, आणि वर स्वतःला समंजस समजत होतो.

खड्यावर उपाय म्हणून तिने मंडईतून कुळीथ आणवले. रोज सकाळी तोंड वाकडं करून त्याचं पाणी प्यायची.

सहा महिन्यांनी गाठ तेवढीच होती. डॉक्टर खूश, मीही खूश. "खडा आहे तेवढाच आहे," मी हसत सांगितलं.

तिचा चेहरा पडला. "लग्नाला गेले तेव्हा चार दिवस चुकवलं ना मी. माझंच चुकलं रे. उद्यापासून दोनदा पिते."