पायावर पाय

कॅन्सरच्या ऑपरेशनचे किस्से असे हसून सांगतात का, असं माझा नवरा विचारतो. अरे, हसलो नाही तर सोमवारी कामावर जायचं कसं? गुडगावच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट. पाच वर्षांत समोरच्या मोहरीच्या शेतात मॉल उभा राहिला, आणि आमच्याकडे किस्से.

*

आमच्या सर्जन मॅडम बायकांचे कॅन्सर रोबोटने काढतात. त्यात पेशंटचं डोकं खाली, पाय वर, असं चार-चार तास. हात कुठे दबला तर नस दुखावते. म्हणून टीममध्ये नवा कुणी आला की मॅडम आधी त्यालाच तसं झोपवतात. दिल्लीतल्या मुनिरक्याहून येणारा एक डॉक्टर वीस मिनिटांतच कळवळला, "मॅडम, हाथ सुन्न हो गया."

"पेशंट के तो चार घंटे हैं. जा, तकिया ला."

तेव्हापासून पेशंटच्या हाताखाली उशी तोच लावतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

*

पानिपतच्या एक आजी, जन्म हातमागावर गेलेला. मॅडमनी त्यांना समजावलं की नस म्हणजे पांढरा धागा, चुकून तुटलाच तर आम्ही शिवतो. आजी म्हणाल्या, "खींच के मत जोड़ना, बेटी. खिंचा हुआ धागा फिर टूटता है."

मॅडम नंतर मला म्हणाल्या, पुस्तकातही अगदी हेच लिहिलंय!

*

आणि सुनंदाताई. कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदारांची बायको, मूळची साताऱ्याकडची. ओटीपोटातल्या गाठी काढताना त्यांची मांडीकडे जाणारी नस कापली गेली. मॅडमनी तिथल्या तिथे शिवली आणि बाहेर येऊन सुभेदारांना सरळ सांगितलं, "मेरे हाथ से कटी है. पैर कमज़ोर रह सकता है."

सुभेदार मग म्हणाले, "अपनी गलती खुद बतानेवाला अफसर हमने कम देखा है, मॅडम."

*

त्यानंतर मॅडमचं हसणंच गेलं. ही नस जुळली का ते बघायची सोपी रीत आहे. खुर्चीत बसून त्या बाजूचा पाय दुसऱ्या पायावर टाकायचा. सुनंदाताई तपासणीला सासूबाईंबरोबर यायच्या. मी म्हणायचे, "ताई, पायावर पाय टाका." त्या पाय जरासा हलवायच्या आणि मान खाली घालायच्या. तीन महिने हेच. मॅडम फाईल मिटायच्या. मला ताई आणि मॅडम, दोघींसाठी फार वाईट वाटायचं.

चौथ्या महिन्यात मी कानाशी जाऊन विचारलं, "खरंच उचलत नाही का हो?"

"घरी उचलतोय की," त्या पुटपुटल्या. "पण सासूबाई समोर बसल्यात. त्यांच्यापुढं पायावर पाय टाकून कसं बसायचं?"

सासूबाईंना ते ऐकू गेलं. त्या उठल्या, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. "टाक बाई. मी नाही बघत."

सुनंदाताईंनी पदर सावरला, पाय उचलला आणि अलगद दुसऱ्यावर ठेवला.

"झालं? मग काढ आता खाली," सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

मॅडम खाली वाकून त्या पायाकडे बघत होत्या. "रहने दीजिए, माँजी," त्या म्हणाल्या. "थोड़ी देर और."