नथूची कणकण

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. हळव्या भाताची सात पोती भरडली. सकाळी नथूला रक्ताची उलटी. मुरबाडला दवाखान्यात दाखल केले.

एवढे लिहून सरिताबाईंचे पेन थांबले.

वैशाखरे गावातल्या त्यांच्या भातगिरणीवर नथू बावीस वर्षे होता. नुसत्या आवाजावरून तांदूळ तुटतोय का ते सांगायचा. बाईंच्या यजमानांचा नियम कडक: पिऊन आलेला माणूस यंत्राजवळ नको, दुसऱ्यांदा आला तर कायमचा घरी. हजेरी बाईंच्या डायरीत असे आणि यजमान ती रोज वाचत. म्हणून बाई सकाळी नथूच्या हातात चहाची बशी देत. बशी थरथरली की त्याला माघारी धाडत आणि लिहीत, ‘नथूला कणकण. रजा.’ खोटे लिहू नये हे मिशनच्या शाळेत सिस्टरांनी छडी मारून शिकवले होते. पण माणसाची नोकरी वाचत होती. पुढे यजमान वारले, तरी कणकण चालूच राहिली.

गडी टिंगल करत, “नथ्या, तुजा ताप कंच्या दुकानात मिलतो रे?” नथूही हसे.

एकदा मात्र तो दारातच घुटमळला. “बाय, वहीत खरं लिवा ना. दारू सोडवायला न्या बोललो, तर माजे भाऊ बोलतात, बाईंनी ताप लिवलाय, नि तू कुटं चाललास?”

“गावभर नाव खराब होईल रे,” बाई म्हणाल्या आणि त्याला लिंबूपाणी दिले.

आज दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “किती वर्षं पितात?” नथूची बायको गुणाबाई बाईंकडे वळली.

“सांगा ना बाय. मला काय वास येत नव्हता? पर तुमी ताप बोलल्या, मंग माजं कोन ऐकतंय?”

“अकरा वर्षं,” बाई म्हणाल्या. “कामावरसुद्धा.”

“यकृत फार खराब झालंय,” डॉक्टर म्हणाले. “निदान पाच वर्षांपूर्वी तरी आणायचं होतं.”

संध्याकाळी बाईंनी जुन्या डायऱ्या खाली काढल्या. पहिली ‘कणकण’ सापडली. ती खोडून वर ‘प्यायलेला होता’ असे लिहिले. मग पुढची. तिसऱ्या डायरीशी हात थांबला. नथूला आता त्याचा काय उपयोग?

त्यांनी आजचे पान पुन्हा उघडले आणि खाली एक ओळ लिहिली: नथूच्या पेजेसाठी जुना तांदूळ निवडून ठेवला.