चपट्या डोक्याची फाईल

आदिलाबादच्या घरी पुढच्या खोलीत बसून मी दिवसभर लहान मुलांचे मेंदू पाहते. शेजारची तेलुगू बाई मला डॉक्टरम्मा म्हणते. किती वेळा सांगितलं, मी डॉक्टर नाही. पण तिला तसंच बरं वाटतं. दूरच्या एका शहरात संशोधनासाठी मुलांच्या डोक्याचे एमआरआय काढतात. एक सॉफ्टवेअर त्या चित्रांतून मेंदूच्या घड्यांवर दोन रेघा ओढतं. पिवळी आतल्या पांढऱ्या भागाच्या कडेने, लाल सगळ्यात बाहेरून. दोन्हींमधला थर भाकरीच्या पापुद्र्याएवढा, पण बोलणं, आठवण, हट्ट, सगळं त्यातच. रेघा चुकल्या तर हाताने दुरुस्त करायच्या, एवढंच माझं काम.

मोठ्या माणसांच्या डोक्यांवर शिकलेलं हे सॉफ्टवेअर लेकरांपुढे गडबडतं. लेकरं मशीनमध्ये हलतात, आणि त्यांच्या मेंदूत आतलं-बाहेरचं मोठ्यांइतकं स्पष्ट दिसत नाही. मला खरं तर हेच आवडतं. फाईल उघडताना दर वेळी वाटतं, आज हे कुठे फसलं असेल? बाकी लोक कोडी सोडवतात, मी हे.

फायलीवर नाव नसतं. फक्त आकडा, वय आणि मुलगा की मुलगी. चार वर्षांच्या एका मुलीच्या फाईलमध्ये डावीकडे मागचा भाग दिसेचना. सॉफ्टवेअर आधी चित्रातली कवटी सोलून काढतं, आणि मी ते सोललेलं चित्रच पाहिलं होतं. मूळ चित्र उघडायचे कष्ट घेतले नाहीत. शितावरून भाताची परीक्षा केली आणि शेरा मारला: ‘मागचा भाग कमी, शंका.’ असा शेरा पडला की तिथलं ऑफिस घरच्यांना पत्र पाठवतं. मुलीला पुन्हा आणा, मेंदूच्या मागच्या भागाची खात्री करायची आहे.

तो कोपरा मात्र डोक्यातून जाईना. आठ दिवसांनी मी ती फाईल पुन्हा उघडली, या वेळी कवटीसकट. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. आमच्या गावी, बेल्याला असताना तिने भावकीतल्या आणि गल्लीतल्या कितीतरी लेकरांना न्हाऊ घातलं आहे. डोक्याला तेल चोळून, हाताने दाबून गोल करायचं, ही तिची खासियत. ती पडद्याकडे बघून म्हणाली, “हे लेकरू एकाच कुशीवर निजवलं हाय.”

“तुले कसं कळलं?”

“आंधळी हाय का मी? मांगून पाह्य कसं चपटं हाय. मोहरीची उशी नाई देली कोनं.”

मी हसले. “आई, हे मशीन हाय, तेलपानी नाई.”

पण पडद्यावर डोकं खरंच मागून चपटं होतं, आणि मला हसू आवरावं लागलं. सॉफ्टवेअरने डोकं गोल धरून सोललं होतं. घाईत बटाटा सोलताना सालीबरोबर गर जातो, तसा हाडाबरोबर मेंदूचा काप गेला होता. मूळ चित्रात सगळं जागच्या जागी होतं. थोडं दबलेलं, पण एकही घडी कमी नाही. मी सोलण्याची हद्द हाताने आखली आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही रेघा त्या चपट्या भागावरून अगदी नीट वळल्या. मला इतका आनंद झाला की मी आईला हाताला धरून पडद्यापुढे आणलं.

तिने रेघांकडे धड पाहिलंही नाही. “म्हंजे आतून लेकरू बराबर हाय?”

“एकदम बराबर.”

“मंग तिच्या मायले सांग.”

मी ऑफिसला लिहिलं, शेरा माझा चुकला, पत्र थांबवा. दहा मिनिटांत सभ्य उत्तर आलं. पत्र चार दिवसांपूर्वीच गेलं होतं, काळजी नसावी, दुसरं आज पाठवतो.

“झालं,” मी आईला म्हणाले, “दुसरं पत्र जाऊन राह्यलं. सगळं ठीक हाय म्हून.”

 आई म्हणाली, “चार दिसापासून ते बाई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून पाहून राह्यली असन व.”

मला लाज वाटली. मी त्या घरचा फोन नंबर मागणारा मेल लिहिला. नंबर देत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. तरी पाठवला.