ताईचं उतरलेलं वजन

माझे भावोजी वजनकाटे दुरुस्त करायचे. किराणा दुकानातले, दवाखान्यातले, तान्ह्या बाळांना निजवून तोलायचे, सगळे बिघडलेले काटे त्यांच्या कार्यशाळेत यायचे. लोक त्यांना काटेवालेच म्हणायचे. स्वभावही तसाच. कुणी 'जवळजवळ दोन किलो' म्हटलं की यांच्या कपाळाला आठी. "जवळजवळ म्हणजे किती?" असल्या माणसाबरोबर माझ्या थोरल्या बहिणीनं चाळीस वर्षं संसार केला, तोही हसतखेळत. ताईला साधं मीठ कधी मोजून घालता आलं नाही.

आमच्या आईला शेवटची सहा वर्षं आम्ही लेकी कोण तेच कळत नव्हतं. तिचं सगळं ताईनं केलं आणि भावोजींनी ते जवळून पाहिलं. त्यामुळे ताईच्या बावन्नाव्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन शहाऐंशी आहे. या वयातलं जास्तीचं वजन पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं, त्यात तुमच्या आईलाही तो होता," तेव्हा ताईनं ते हसण्यावारी नेलं. भावोजींनी मात्र धसका घेतला. बायकोनं आपल्याला विसरू नये, एवढं एकच त्या माणसाला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी घरात मोठा काटा आला. दर रविवारी सकाळी भावोजी आधी त्यावर वीस किलोचं लोखंडी माप ठेवून काटा तपासायचे, मग म्हणायचे, "या बाईसाहेब." मी त्यांच्याकडे असले की ताई चष्मा काढून माझ्या हातात द्यायची. "याचं वजन माझ्या नावावर नको." आकडा बघून भावोजींचं व्याख्यान सुरू. लोणी बंद, साखर अर्धी, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. ताई मान डोलवायची आणि ते कामावर गेले की डबा उघडायची. बारा वर्षांत चार किलो उतरले, तेही एकदा ताप आला होता म्हणून.

आणि चौसष्टाव्या वर्षी वजन आपोआप उतरायला लागलं. ब्याऐंशी, एकोणऐंशी, शहात्तर. भावोजींना हर्ष मावेना. एका पंधरवड्यात तीन किलो गेले तेव्हा त्यांना शंका आली, पण कुणाची? काट्याची! दोन दिवस खपून त्यांनी तो सगळा खोलला, पुसला, पुन्हा जोडला. काटा बरोबर निघाला. मग काय, जो भेटेल त्याला सांगत सुटले, "ग्रॅमचाही फरक नाही. खरंच उतरलंय."

मीही त्यात सामील होते, उगाच सोवळेपणा कशाला मिरवू? ताईचे कपडे मीच आत घेऊन शिवले, दोनदा. "या वयात फिगर काय झालीय बघ," म्हणून चिडवलं. मनातून थोडी जळलेसुद्धा.

मग एकदा भर दुपारी मी न सांगता ताईकडे गेले. ताई खिडकीशी बसलेली. "जेवलीस?" मी विचारलं. "हो, आत्ताच." मी पाणी प्यायला आत गेले. सकाळी शिजवलेलं पातेलं झाकण ठेवून तसंच, डावसुद्धा बुडवलेला नाही. त्याच्यामागे कालचं, आणि त्याच्यामागे परवाचं, आंबलेलं. मी बाहेर आले तर ताई म्हणाली, "आईला वाढलंस ना गं?" आईला जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

मी तशीच कार्यशाळेत गेले आणि भावोजींना सांगितलं. ते ऐकून घेईनात. "शक्यच नाही. अगं, वजन उतरलंय तिचं!"

तपासण्या झाल्या. त्याच डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मधल्या वयातलं जास्तीचं वजन वेगळं आणि म्हातारपणी काही न करता घटणारं वजन वेगळं. कधीकधी आजार कळण्याआधी काही वर्षं माणूस असा वाळायला लागतो, कारण भूक, चव, जेवणाची आठवण, सगळंच हळूहळू जातं. भावोजींनी विचारलं, "मी तिला अर्धपोटी ठेवलं, त्यानं झालं का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, तुमच्यामुळे नाही." भावोजींना ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. इतकी वर्षं आकडा बघितला, पण ताईचं ताट एकदाही बघितलं नाही, असं ते मला म्हणाले. मीही नव्हतंच बघितलं.

आता ताई एकोणपन्नास किलोची आहे. भावोजी दुपारी काम बंद ठेवून घरी येतात, स्वतः ताट वाढतात, तासन् तास समोर बसतात. एरवी काटेकोर माणूस, पण ब्रेडवर लोणी अंदाजानंच फासतात, बोटभर जाड. परवा मी तिथेच होते. त्यांनी ब्रेडचा तुकडा ताईच्या तोंडाशी नेला. तिनं तो हातानं बाजूला सारला, दाराकडे बघितलं आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाली, "नको हो. आमचे हे रागावतील. माझं वजन वाढलेलं त्यांना चालत नाही."

तेवढं एक तिच्यात उरलं होतं.

भावोजींचा हात तसाच हवेत. मग ते म्हणाले, "नाही रागावणार, बाई. खा तुम्ही."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखतो."

"मग त्यांना सांगू नका हं," ताई म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

भावोजींनी घास भरवला, तिचं तोंड पुसलं आणि पुढचा तुकडा मोडायला घेतला.